तिच्या कार्डावर माझा फोटो

आमच्या हॉस्पिटलात काळ्या कातडीच्या आम्ही दोघीच, मी आणि धाकटी. दोघींचंही काम रक्त काढायच्या खोलीत. नात्याने ती माझी कोणी नाही, पण जो तो विचारायचा, "बहीण का तुमची?" दर वेळी नाही म्हणायचा कंटाळा आला, म्हणून मीच तिला धाकटी म्हणायला लागले. ती माझ्यापेक्षा वीतभर उंच, काटकुळी, जाड भिंगांचा चष्मा लावणारी. मी बुटकी, गोलमटोल, समोरच्या दोन दातांत फट. आमच्यात गल्लत करायला माणूस आंधळा तरी हवा, नाहीतर गोरा.

ती कामाला लागली तेव्हा ओळखपत्राच्या खिडकीतून तिला कार्ड मिळालं. नाव तिचं, फोटो माझा. गेल्या वर्षी हॉस्पिटलच्या जाहिरातीसाठी मला फटीचे दात दाखवून हसायला लावलं होतं, तोच. आमच्याकडे सगळे कसे मिळूनमिसळून राहतात हे दाखवायला मी दरवर्षी लागते. तो फोटो बघून आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो. धाकटी कार्ड बदलायला गेली, तर खिडकीतला कारकून म्हणाला, "चांगला आलाय की फोटो!" मग रोज सकाळी ती माझा चेहरा दाखवून आत यायची आणि गेटवरचा वॉचमन मान डोलवायचा. माझ्या स्वतःच्या कार्डावर मी लग्नाआधीची, सडपातळ.

मग तो म्हातारा आला. बाही वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. "तू नको. दुसरी पाठव."

धाकटी जेवायला गेली होती. मी म्हटलं, "दुसरीही याच रंगाची आहे, आजोबा. ही घ्या सुई, तुम्हीच टोचा."

बोलून गेले, आणि खरं सांगते, बरं वाटलं. म्हातारा तरातरा तक्रार करायला गेला. तिथे त्याला कॉम्प्युटरवर सगळ्यांचे फोटो दाखवले. म्हाताऱ्याची नजर पक्की होती. त्याने बरोबर माझ्या तोंडावर बोट ठेवलं. खाली नाव धाकटीचं.

धाकटी अजून कायम झाली नव्हती. नोकरी गेली की हॉस्पिटलने राहायला दिलेली खोलीही जाणार होती, आणि आईला तिने नुकतंच तिथे आणलं होतं. बोलावणं तिलाच आलं. मी म्हटलं, "चल, मी येते. दोन मिनिटांचं काम आहे." मला खरंच तसं वाटलं होतं.

कर्मचारी विभागाचे साहेब सज्जन माणूस. खुर्च्या दिल्या, पाणी दिलं.

"साहेब, ते मी बोलले. ही तिथे नव्हतीच."

ते समजूतदारपणे हसले. "तुम्ही एकमेकींना धरून राहता, याचं मला कौतुक आहे. पण पेशंटने ओळखलंय तिला."

"मला ओळखलंय. हा फोटो माझा आहे." मी धाकटीचं कार्ड टेबलावर ठेवलं, शेजारी माझं तोंड नेलं आणि जाहिरातीत हसले होते तशी दात दाखवून हसले. त्या वेळी इतकी लाज वाटली मला, की काय सांगू.

साहेबांनी कार्ड पाहिलं. मला पाहिलं. धाकटीला पाहिलं. पुन्हा कार्ड पाहिलं. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होते. ते मुद्दाम करत नव्हते हो! त्यांना खरंच दिसत नव्हतं.

"फोटोत माणूस जरा वेगळा दिसतोच," ते म्हणाले. "चष्माही काढलाय तिने."

"आणि दात? दातांतली फट कुठून आली?"

"हे बघा, आमच्याकडे भेदभाव नाही. मी तर माणसाचा रंग बघतच नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रंगाशिवाय दुसरं काय पाहिलं होतं त्यांनी? मी आवाज चढवला, तसे ते दाराकडे बघायला लागले. धाकटीने टेबलाखाली माझा हात दाबला. "ताई, पुरे. तुमचीही नोकरी जाईल."

संध्याकाळी तिने कार्ड परत केलं. मी तिच्या खोलीतली भांडी बांधू लागले. तिची आई सारखी विचारत होती, "पण केलं काय हिने?" मी आणखी एक पातेलं फडक्यात गुंडाळलं.

सकाळी गेटवर आले तर वॉचमनच्या केबिनच्या काचेवर माझा फोटो चिकटवलेला. वर लिहिलेलं, 'आत सोडू नये'.

वॉचमनने फोटो पाहिला, मग मला. डोळे बारीक करून, अगदी दातांपर्यंत. मी पर्समधून माझं कार्ड काढून दिलं. लग्नाआधीची ती सडपातळ पोरगी त्याने उजेडात धरून पाहिली आणि मान हलवली.

"हे तुमचं नाही वाटत, सिस्टर," तो म्हणाला. "तुमचा फोटो हा, काचेवरचा."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या गेटवर मला कोणी बरोबर ओळखलं होतं.