कपाटावरची बाटली

मित्रांनो, मी एक जुनी दुधाची बाटली आहे. वय विचाराल तर दोन वर्षं. हसू नका. हत्तीचं म्हातारपण वेगळं, माशीचं वेगळं आणि बाटलीचं वेगळं. बाळ वर्षाचं झालं की आमचं काम संपतं. मला मात्र त्यानंतरही आठ-नऊ महिने राबवलं, आणि तो राग अजून माझ्या पोटात आहे. गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसऱ्या कोणाकडे जा. माझ्यात आता गोड काही शिल्लक नाही.

मी काचेची. वाळू वितळवून, लाल रसाचा गोळा साच्यात फुंकून मला घडवलं. माझ्या अंगावर रेघा आणि आकडे उमटवले. मला ते वाचता येत नाहीत, पण दूध कुठल्या रेघेला आलं हे मला न वाचता कळतं. भट्टीवरच्या माणसाने मला उजेडात धरून फिरवलं, नखाने टिचकी मारली आणि म्हणाला, "ही टिकेल." मित्रांनो, मी त्याचा शब्द राखला. माझ्याबरोबर त्याच घरात आलेल्या दोघी बहिणी महिन्याभरात फुटल्या. माझा टवकाही उडाला नाही.

ते घर शिवणकाम करणाऱ्यांचं. बाबा कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतायचे, आई तिथेच मशीनवर बसायची. आजी घरी जुन्या मशीनवर लोकांचे कपडे घट्ट-सैल करून द्यायची. घर कसलं, दोन खोल्या. दोरे, चिंध्या, खडूचे तुकडे आणि त्या पसाऱ्यात एक चार महिन्यांची पोर. डोळे काळेभोर आणि नजर तिखट, म्हणून तिला सगळे मिरी म्हणायचे.

आईची रजा संपली आणि मी कामाला लागले. काय काम केलं म्हणून सांगू! आई दूध काढून ठेवायची, मी ते मिरीच्या पोटात पोचवायची. पुढे वरचं दूधही माझ्यातूनच गेलं. आजी मला रोज उकळत्या पाण्यात बुडवायची, चिमट्याने काढायची, स्वच्छ फडक्यावर उपडी ठेवायची. शेजारीण एकदा म्हणाली, "बाटली कसली, दाईच आहे ही तुमची." त्या दिवशी मी अशी चमकत होते की विचारू नका.

मिरी वर्षाची झाली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता दूध कपातून द्यायला लागा. बाटली हळूहळू सोडवा." आईने दोन कानांचा निळा कप आणला. तो माझ्याशेजारी फळीवर बसला. तुम्हाला वाटेल मला त्याचा हेवा वाटला असेल. छे! मी म्हटलं, सुटले एकदाची. ये बाबा, सांभाळ आता पोरीला.

पण या घरच्या शहाण्यांनी पहिल्याच दिवशी कप काठोकाठ भरला. वर्षाच्या पोरीच्या हातात काठोकाठ भरलेला कप! कापड बेतताना हीच माणसं चार वेळा मोजतात. मिरीने कप उचलला आणि सगळं दूध गिऱ्हाइकाच्या इस्त्री केलेल्या झग्यावर ओतलं. आजी ओरडली, मिरी रडली, कप फळीच्या मागे गेला आणि मी पुन्हा मिरीच्या तोंडात.

त्या दिवसापासून माझं दाईपण संपलं आणि मी बूच झाले. होय, बूच! पोर रडली, लावा बाटली. पडली, लावा बाटली. पाहुणे आले, मशीनवर घाईचं काम आहे, आंघोळ नको म्हणते, लावा बाटली. दूध पीत नाही असं वाटलं की साखर घाला, पण लावा. मिरी मला दातांत लोंबकळवत घरभर फिरायची. जेवायला बसवलं की मान फिरवायची. फिरवणारच! दिवसभर घोट घोट दुधाने पोट टम्म भरलेलं, मऊ भाताचा घास जाणार कुठे? आणि वर आजी शेजारणीला सांगायची, "आमची मिरी काही खातच नाही हो. दुधावर आहे म्हणून जगली." मी तिथेच होते. मला तोंड असतं तर त्या शेजारणीसमोरच बोलले असते.

वीस महिन्यांची झाल्यावर मिरी पुन्हा दवाखान्यात गेली. मीही गेले, तिच्या मुठीत. डॉक्टरीणबाईंनी तिची खालची पापणी ओढून पाहिली. आतली लाली गेलेली. ओठ वर केला. पुढच्या दोन दातांवर तपकिरी डाग. रक्त तपासलं, तेही कमी निघालं.

"दिवसातून किती बाटल्या?" त्यांनी विचारलं.

"दोन-तीन," आजी म्हणाली.

खोटं! साफ खोटं! सहा. कधी सात.

डॉक्टरीणबाईंनी आजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "हे बघा, पोरीला रक्त वाढायचे थेंब देते. पण ही बाटली तोंडातून निघाली नाही तर ती जेवणार नाही आणि दातही जातील. दूध फक्त कपात, जेवणाबरोबर, थोडं थोडं. काही दिवस रडेल. ती रडली तरी चालेल, तुम्ही डळमळू नका. महिन्याने पुन्हा रक्त बघू."

घरी आल्यावर आजीने मला धुतलं, पुसलं आणि आतल्या खोलीतल्या कपाटावर, चिंध्यांच्या गाठोड्यामागे ठेवलं. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ऐका सगळ्यांनी. आजपासून बाटली बंद. कोणी दिली तर गाठ माझ्याशी आहे."

मित्रांनो, मी त्या धुळीत आनंदाने लवंडले. वाटलं, चला, म्हातारी शब्दाची पक्की आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाठोडं हललं. बाबा! एका गालावर साबणाचा फेस, हातात मिरी. आई आंघोळीला गेलेली, आजी पाणी भरत होती. "फक्त एकदाच हं पिल्ला," ते कुजबुजले. "आजीला सांगायचं नाही." ज्या पोरीला पाच शब्द धड बोलता येत नाहीत तिला म्हणे सांगायचं नाही! मग मला विसळून, पुसून, अगदी होते तशी गाठोड्यामागे ठेवलं.

दुपारी पुन्हा गाठोडं हललं. कोण असेल? तीच! कमरेवर हात ठेवणारी! स्टुलावर चढून, धापा टाकत, स्वतःलाच समजावत होती, "पोरीचा जीव जाईल रडून रडून. दुपारची एक घेतली तर काय बिघडतंय?"

संध्याकाळी आई आली. मिरी तिच्या पायाला बिलगली. दिवसभर पोरीला पाहिलेलं नाही, डोळ्यांत पाणी. बघता बघता गाठोडं तिसऱ्यांदा हललं.

असं रोज. तिघं तीन वेळांना, एकमेकांपासून चोरून. आणि जेवताना काय बोलायची? "बघितलंत, आता मिरी बाटलीचं नावसुद्धा काढत नाही," आई म्हणायची. "माझा धाकच तसा आहे," आजी म्हणायची. बाबा खाली मान घालून भाकरी मोडायचे. मिरीच्या ताटलीतलं मात्र तसंच राहायचं. मी वर धुळीत संतापाने तापत होते. पोरीच्या अंगातलं रक्त आटतंय आणि ही तिघं एकमेकांची पाठ थोपटताहेत!

दहाव्या दिवशी आजीने कहर केला. मिरी मला चोखत अर्धा अर्धा तास बसायची. एकदा सून लवकर घरी आली तेव्हा आजीची चोरी उघडी पडता पडता राहिली होती. म्हणून तिने काय करावं? मशीनची जाड सुई घेतली, चिमट्यात धरली, गॅसवर लाल केली आणि माझ्या रबराच्या निपलात खुपसली. चर्र झालं, रबराचा जळका वास सुटला. बारीक छिद्राचं भोक झालं. "आता दोन मिनिटांत संपेल," आजी खूश झाली. मिरीला मांडीवर ताठ बसवून, बाटली जेमतेम कलती करून तिने दूध पाजलं. तिला ठाऊक होतं, किती कलती करायची.

आईला कुठे ठाऊक होतं!

संध्याकाळी आजी कपडे पोचवायला गेली. आईने मला उतरवलं, भरलं, मिरीला मांडीवर आडवं घेतलं आणि मला उलटं करून तिच्या तोंडात दिलं. थकून स्वतःचे डोळे मिटले. दुधाची धारच लागली. मिरीने एक घोट गिळला, दुसरा गिळला, तिसरा नाकात गेला. ती खोकलीसुद्धा नाही. नुसते डोळे विस्फारले, ओठ निळे पडत गेले. मी काच. मला फुटतासुद्धा आलं नाही.

तिच्या टाचा आईच्या बरगडीवर आपटल्या तेव्हा आईने डोळे उघडले. मला भिरकावलं. पोरीला मांडीवर पालथं घेऊन, डोकं खाली करून पाठीवर थापा मारल्या. एक, दोन, तीन, चार. पाचव्या थापेला दूध भसकन बाहेर आलं आणि मिरीने टाहो फोडला. तिचं रडणं बंद व्हावं म्हणून त्या घराने आठ महिने माझं बूच केलं होतं. त्या संध्याकाळी त्याच रडण्याने आईचा जीव भांड्यात पडला.

बाबा आणि आजी नेमके घरी परतत होते, टाहो ऐकून दारातूनच धावत आले. मी कोपऱ्यात चिंध्यांवर पडले होते, म्हणून वाचले.

"बाटली? खाली कशी आली?" बाबांनी विचारलं.

"मी काढली," आई मिरीला छातीशी धरून म्हणाली. "रोज काढते. पण आज धार कशी लागली कळत नाही हो. एवढी धार कधीच..."

आजीने मला उचललं. निपलावर बोट फिरवलं. तिचं तोंड पांढरंफटक पडलं. वाटलं, आता ही गप्प बसणार. पण नाही.

"मी पाडलं भोक," ती म्हणाली. "सुई तापवून. दुपारी मी देते हिला."

"आई, तुम्ही? तुम्हीच तर बंद केली होती!" सून म्हणाली.

"हो, मीच. तोंड मोठं माझं. सांगितलं असतं तर लाज गेली असती. नाही सांगितलं, तर पोर जात होती."

"सकाळची मी देतो," बाबा भिंतीकडे बघत म्हणाले.

मग तिघंही माझ्याकडे बघत बसली. जणू मीच कपाटावरून चालत आले होते!

आजीने कापडाची मोठी कात्री घेतली आणि माझ्या निपलाचे चार तुकडे केले. मग ती स्वतःची चहाची छोटी स्टीलची वाटी घेऊन आली. तिच्यात दोन बोटं दूध घातलं. दोनच बोटं! जमिनीवर मिरीसमोर मांडी घालून बसली आणि आधी स्वतः प्याली, मुद्दाम वरच्या ओठावर दुधाची मिशी उमटेल अशी. "बघ गं, म्हातारीला मिशा आल्या." मिरी हुंदके देत बघत राहिली. तिने वाटीत बोट घातलं, वाटीचा काठ चावला, अर्धं दूध आजीच्या लुगड्यावर सांडलं. आजी ओरडली नाही. "सांड," म्हणाली. "धुता येतं."

पहिला घोट जेमतेम ओठ ओला होईल एवढा होता. पण तो मिरीने स्वतः घेतला.

पुढचे तीन दिवस घरात कोणाला कोणाचं ऐकू येत नव्हतं, एवढी ती रडली. पण आता तिघं तीन चोरवाटांनी गेली नाहीत. सकाळी बाबा अर्ध्या दाढीने तिला खांद्यावर बसवून गाड्या दाखवायला न्यायचे. संध्याकाळी आई आल्या आल्या पिशवी टाकून नुसती तिला कुशीत घेऊन बसायची. जेवताना सगळ्यांच्या पुढ्यात वाट्या, मिरीच्याही. चौथ्या दिवशी तिने घास मागितला. हात पुढे करून, स्वतःहून. आजीने डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, दोऱ्याचं कुसळ गेलंय.

महिन्याने डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. थोडं वाढलं होतं. दातांवरचे डाग मात्र तसेच आहेत. ते दुधाचे दात पडेपर्यंत तसेच राहणार, आणि मिरी हसली की ते घर दर वेळी ते बघणार. बघू दे!

मला आता झाकण लावून मशीनजवळ ठेवलं आहे. मोडकी, वाकडी सुई जमिनीवर पडून मिरीच्या पायात जाऊ नये म्हणून आजी ती माझ्यात टाकते. पहिली कुठली टाकली असेल, ओळखा. टोक काळवंडलेली, जाड. माझ्या तळाशी टिंग वाजली.

परवा मिरी मशीनपाशी आली. तिने मला पाहिलं. आईचा पाय पायडलवर थांबला, आजीच्या हातातला दोरा थांबला. मिरीने माझ्याकडे बोट केलं, म्हणाली, "शुई," आणि रिकामी वाटी आजीच्या गुडघ्यावर आपटून दूध मागायला लागली. माझ्याकडे पुन्हा वळूनही पाहिलं नाही. थोडं दुखलं, खोटं कशाला बोलू? पण मला हेच हवं होतं.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं धाकटं भावंड असेल तर त्याच्यासमोर वाटी घेऊन बसा, दोन बोटं दूध घ्या, सांडू द्या, हसा. आणि मोठी माणसं लपूनछपून कपाटाकडे जाताना दिसली तर सगळ्यांसमोर मोठ्याने विचारा, "कुठे निघालात?" आम्हा बाटल्यांना काम झाल्यावर मानाने खाली ठेवा. आम्ही पोरांची तहान भागवायला आलो आहोत, त्यांचं तोंड बंद करायला नाही.

थांबा, आजीने आत्ताच आणखी एक सुई मोडली. टिंग.