दोन सीवूड्स

"तिकीट, काकू."

"ह्यांनी काढलंय मागे," खिडकीबाहेर बघतच जयमालाबाई म्हणाल्या.

हे वाक्य त्या लग्नापासून म्हणत आल्या होत्या. बसमध्ये त्या पुढे लेडीज सीटवर, वामनराव मागे. चढायची दारंसुद्धा वेगळी. तिकिटं वामनरावांनी काढायची आणि पुढे बोट दाखवून कंडक्टरला सांगायचं, "एक लेडीज पुढे." निवृत्तीनंतर दोघं दर रविवारी सीवूड्सहून बस पकडून शिरवाईच्या टेकडीवर फिरायला जाऊ लागले, तरी ही व्यवस्था मोडली नाही. टेकडीवर तेच. ते तरातरा पुढे आणि या धापा टाकत मागे. संसार असा मागेपुढे छान चालला होता.

"मागे कोणी काढलं नाय काकू. मागे सगळी कॉलेजची पोरं आहेत."

"अहो, असतील बघा नीट. उंच आहेत, पांढरी टोपी."

"टोपीवालं कोणी नाय."

जयमालाबाई उठल्या. दांडा धरत मागपर्यंत गेल्या. पोरं मोबाइलमध्ये माना घालून बसली होती. शेवटच्या बाकावर कोणाची तरी सॅक होती. वामनराव नव्हते.

पायथ्याच्या स्टॉपवर परतीची बस आली तेव्हा एकच झुंबड उडाली होती. त्या पुढच्या दाराने चढल्या आणि ते मागून चढले असणार, हे त्यांनी गृहीत धरलं. वळून बघायची सवयच नव्हती. एक वर्षापूर्वी हे चाललं असतं. वामनराव पुढच्या बसने आले असते आणि "बाईसाहेब, नवरा विसरलात" म्हणून आठवडाभर चिडवलं असतं. पण दिवाळीपासून वामनराव पूर्वीचे राहिले नव्हते. एकदा स्वतःच्याच सोसायटीच्या गेटवर उभे राहून वॉचमनला विचारत होते, आपण कुठे राहतो म्हणून. त्यांचा फोन तांदळाच्या डब्यात सापडला, तेव्हापासून तो जयमालाबाईंच्या पर्समध्येच असे. आत्ताही तिथेच होता.

हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. पुण्याहून आशुतोषचा फोन आला की "बाबा ना? मस्त!" म्हणायचं. मुलाला कळलं की डॉक्टर येणार, 'पुण्याला चला' येणार, आणि रविवारची टेकडी जाणार. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यांचं धोरण.

"थांबवा! थांबवा गाडी!"

"काकू, इथे काय उतरता? रिक्षा पण नाय भेटायची. मागून एकच बस आहे, ती लास्ट."

"थांबव म्हणते ना!"

बस थांबली. त्या उतरल्या आणि उलट्या दिशेने चालू लागल्या. न्हावा शेवा बंदराकडे जाणारे कंटेनर अंगावरून गेल्यासारखे जात होते. एकेका ट्रेलरमागे धूळ उठायची आणि त्यांना उभं राहून डोळे पुसावे लागायचे. धूळ नसतानाही पुसावे लागत होते. ऊन टेकडीच्या माथ्यावर तेवढं उरलं होतं. हे माणूस रस्त्यावर तर आलं नसेल? प्रत्येक ट्रेलरच्या ब्रेकसरशी त्या थबकून रस्त्याकडे बघत होत्या.

पायथ्याशी भागीरथी आपली पाटी आवरत होती. गावातलीच बाई, रविवारी फिरायला येणाऱ्यांना काकड्या आणि ताक विकायची. जयमालाबाईंना पाहून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"तू खाली कशी गो? तुजा मानूस तं तुला हुरकाला वर गेलाय."

"मला शोधायला? परत वर?"

"मंगाशीच. मी बोललू, बाबा, गारी आली, बस तिच्यान. तं बोलला, बायको वर राह्यली माजी, पाय दुखतान तिचं."

जयमालाबाई मटकन खाली बसल्या. बस समोर उभी असताना हा माणूस मागे वळून बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा. आणि मागे बायको दिसली नाही, म्हणून तिला आणायला टेकडी चढून गेला होता.

"उठ गो. कालोख परल आता. वर खान हाय, ठाव हाय ना?"

ठाऊक होतं. अर्ध्या वाटेवर दोन फाटे होते. डावा शिरवाईच्या देवळाकडे जायचा, उजवा बंद पडलेल्या दगडखाणीकडे. खाणीला ना कुंपण, ना पाटी. वामनरावच प्रत्येक खेपेला त्या फाट्याशी थांबून, मागे न बघताच, बजावायचे, "उजवीकडे नाही हं!" आणि त्या म्हणायच्या, "मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

भागीरथीने पाटी तिथेच टाकली आणि ती पुढे निघाली. जयमालाबाई मागे. वाटेवरची खडी पायाखालून सटकत होती.

"अहो!" त्यांनी हाक मारली. "अहोऽ!"

वरून शेवटचे दोघेतिघे उतरत होते. त्यांतला एक टकलू गृहस्थ थबकला आणि म्हणाला, "मला म्हणताय?"

एरवी जयमालाबाई या गोष्टीवर महिनाभर हसल्या असत्या. आता त्यांनी फक्त विचारलं, "पांढरी टोपी घातलेले कोणी दिसले?" गृहस्थाने मान हलवली. देवळापर्यंत कोणीच नव्हतं म्हणाला.

म्हणजे उजवीकडे.

"अहोऽ!"

"आहो आहो काय बोंबलतंस?" भागीरथी वळून खेकसली. "सगल्या बायकांचा नवरा आहोच. नाव घे त्याचा!"

जयमालाबाईंनी नाव घेतलं होतं ते लग्नात, पाटावर बसून, तेही यमकाच्या आडोशाने. त्यानंतर कधी नाही. बँकेत, दवाखान्यात कोणी मिस्टरांचं नाव विचारलं, तर त्या आधार कार्ड पुढे करायच्या. बावळटपणाच, पण अंगात मुरलेला. आता उजेड चालला होता.

"वामन!"

आवाज खाणीच्या कड्यावर आपटून परत आला. त्यांनी पुन्हा हाक मारली. "वामऽन!"

"कोण आहे?" पलीकडून उत्तर आलं.

झुडपं संपली आणि ते दिसले. अगदी काठावर उभे होते, गुडघ्यांवर हात टेकून खाली डोकावत. एका बुटाचं टोक काठाबाहेर होतं. खाली काळं पाणी साचलेलं. जयमालाबाईंनी पाऊल उचललं आणि वामनराव गर्रकन वळले. त्यांच्या टाचेखालचे दगड निसटून खाली गेले. पाण्यात पडल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला.

"पुढे येऊ नका, बाई!" त्यांनी हात उंचावला. "इथे खाण आहे. पाय घसरेल तुमचा."

बाई. तुमचा.

जयमालाबाई जागच्या जागी थिजल्या. भागीरथीने त्यांचा दंड घट्ट धरला.

"माझी मिसेस वर राहिली," वामनराव सांगू लागले. आवाज अगदी सभ्य, ऑफिसातल्यासारखा. "पडली की काय खाली, ते बघतोय. जयमाला नाव तिचं. तुम्ही बघितलंत का कुठे?" आणि ते पुन्हा काठाकडे वळले. "जयमाला! अगं ए जयमाला!"

वामनरावांच्या तोंडून हे नाव जयमालाबाईंनी घरात कधी ऐकलं नव्हतं. तिथे "अगं"वर भागायचं. धावत जावं, हात धरून म्हणावं, अहो मीच ना ती! पण परक्या बाईने हात धरायला झेप घेतली, तर हा माणूस मागे सरकणार. मागे जागाच नव्हती.

"बघितलं मी त्यांना," त्या म्हणाल्या. आवाज कुठून आला, त्यांनाच कळलं नाही. "त्या खाली गेल्यात. स्टॉपवर उभ्या आहेत."

"नक्की?"

"नक्की. तुमचीच वाट बघताहेत."

वामनरावांनी अविश्वासाने पाहिलं. एक पाय अजून काठावरच होता. "चिडलीय का?"

"खूप."

"मग तीच," वामनराव म्हणाले आणि चटकन काठापासून बाजूला झाले. "चला, चला. ती फार वेळ थांबायची नाही."

उतरताना ते पुढे आणि जयमालाबाई मागे. फक्त अधूनमधून ते थांबून वळायचे आणि म्हणायचे, "सांभाळून हं, बाई." जयमालाबाई "हो" म्हणायच्या. रस्त्यावर बसचे दिवे दिसताच भागीरथी पुढे पळत गेली आणि येणाऱ्या बससमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली. "थांब रं! मानसं हायत!"

बसमध्ये पुढे लेडीज सीट रिकामी होती. जयमालाबाई आज प्रथमच मागच्या दाराने चढल्या, वामनरावांच्या मागोमाग. वामनराव खिडकीशी बसले. टोपी काढून त्यांनी शेजारच्या जागेवर ठेवली.

"बसू का इथे?" जयमालाबाईंनी हळूच विचारलं.

"नको हो, बाई. मिसेस येतेय माझी." ते ओशाळून हसले. "नेहमी एकटीच बसते पुढे. आज म्हटलं, शेजारी घेऊ."

कंडक्टर आला. "बोला काका."

"दोन सीवूड्स. एक लेडीज."

कंडक्टरने त्या टोपीकडे पाहिलं. मग वर, दांडा धरून उभ्या असलेल्या जयमालाबाईंकडे. त्यांनी, द्या म्हणून, नुसती मान हलवली. त्याने दोन तिकिटं दिली.

"काका, टोपी उचला की. काकूंना बसू द्या."

"राहू दे," जयमालाबाई म्हणाल्या. "जागा धरलेली आहे ती."

"पुढे खाली आहे, काकू. बसा तिकडे. मग तुमचं तिकीट?"

बस सुटली. धक्क्याने टोपी घसरू लागली, तशी वामनरावांनी ती हाताने दाबून धरली आणि ते दाराकडे बघत राहिले.

"ह्यांनी काढलंय," जयमालाबाई म्हणाल्या आणि त्या जागेवर दुसरं कोणी बसू नये म्हणून जरा सरकून आडव्या उभ्या राहिल्या.