तुपातला नमुना

पुनाने झोपेच्या गोळ्या सोडल्या होत्या, हे पुना सोडून कुणालाच पटत नव्हतं. त्या गोळ्यांपायी बायको मंजुळाबाई धुळ्याला माहेरी निघून गेली होती आणि तिच्या वकिलाने कोर्टात सांगितलं होतं, आधी याचं रक्त तपासा, मग नांदण्याचं बोला. तेव्हापासून पिंप्राळ्याच्या खोलीत पुना रोज सवयीने दोन कप चहा करी, दोन्ही स्वतःच पिई आणि रात्रभर जागा राही. गोळ्या सुटल्याचा एवढाच पुरावा त्याच्याकडे होता. कोर्टात तो चालत नव्हता.

अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात तपासणीची तारीख लागली. धुळ्याच्या स्टँडवर मेहुणा भटू डबा घेऊन उभा.

"दाजी, अक्कानी धाडेल शे. रगत काढतीन, उपाशी जाऊ नका म्हने. पन वकीलले सांगू नका."

आपल्याकडे रक्त द्यायला निघालेल्या माणसाला लढाईवर निघाल्यासारखं जेवू घालतात. डब्यात तुपात तळलेल्या बट्ट्या, वर आणखी तूप. कोर्टात आपल्याविरुद्ध उभी असलेली बाई इतकं तूप कशाला ओतील, या विचारात पुनाने डबा पुसून खाल्ला आणि प्रयोगशाळेत जाऊन दंड पुढे केला.

थोड्या वेळाने तपासनीस पितांबरभाऊ बाहेर आले. हातातल्या नळीत तांबडं खाली बसलं होतं आणि वर दुधासारखं पांढरं.

"काय खाल्लंत?"

"बट्ट्या."

"तूप किती?"

"तिनं घातलं तेवढं."

"अहो, यातून यंत्राचा उजेडच पार जात नाही. वर या गोळ्या चरबीत विरघळतात, असल्या तरी तिथंच दडून बसतील. आहेत म्हणता येत नाही, नाहीत म्हणता येत नाही. पुढच्या आठवड्यात उपाशीपोटी या."

आपल्या संसाराचा अहवाल या माणसाने इतक्या झटपट कसा काढला, याचं पुनाला नवल वाटलं.

पुढच्या खेपेला प्रयोगशाळेच्या दारातल्या बाकावर मंजुळाबाई स्वतः बसली होती. मांडीवर डबा, डब्यावर दोन्ही हात.

"काही खादं का?"

"नही."

"चहा?"

"दोन कप कया. दोन्ही फेकी दिना."

"दोन?"

आतून पुनाच्या नावाचा पुकारा झाला. दारात तो थबकला.

"रिपोर्ट येवापावतर थांबशी?"

तिने डब्याचं झाकण घट्ट दाबलं.

"रिपोर्ट येई तवय येई. तूप थिजी ऱ्हायनं, लवकर या."