नेमेसियाच्या गाडीतला पिवळा दिवा

शुक्रवारी सकाळी, ला पाझच्या वर पठारावर असलेल्या एल आल्तो शहराच्या सेहा थांब्यावर एवढी गर्दी जमली की सलतेन्या, म्हणजे रश्श्याच्या करंज्या, विकणारी बाई गाडा तसाच सोडून बघायला आली. मधोमध नेमेसिया किस्बेर्तची उतारू नेणारी जुनी जपानी वॅगन होती. बॉनेट उघडं, आरशांना कागदी माळा, आणि इंजिनात डोकं खुपसून गाड्यांचे आत्मे उतरवणारा भगत, ताता एलिओदोरो, पुटपुटत होता.

"सातुर्निनो, ऊठ. बायकोच्या गाडीतून ऊठ. तुझी जागा आता मातीत आहे."

त्यानं हवा ओढणाऱ्या डब्याचं झाकण काढलं, तोंडभर बियर घेतली आणि आत फवारली. त्यावर मूठभर रंगीत कपटे आणि पाकळ्या टाकल्या. "हे इंजिनाचं नाक. आशीर्वाद नाकातून जातो." मग अंगावरच्या घोंगडीवजा पोंचोची झालर इंजिनावर पसरून, हात आत घालून तो बराच वेळ डोळे मिटून उभा राहिला.

"लाव चावी."

इंजिन सुरू झालं. काचेखालच्या फळीवर आठवडाभर पेटलेला इंजिनाचा पिवळा दिवा विझला. माणसांनी टोप्या काढल्या.

"आणि गाडीतलं घड्याळ बघा," ताता म्हणाला. "बारावर आलं. आत्मा निघताना काळ मागे फिरवून जातो."

रेडिओही आपली सगळी स्टेशनं विसरला होता. ताताकडं त्याचंही उत्तर तयार होतं: मेलेल्याला गाणी चालत नाहीत. या लोकांकडं उत्तर नसलेला प्रश्न कधी बघितलाय?

मी तंत्रशाळेत मोटारी शिकवतो. शिकलो मात्र गाड्यांखाली पडून. रोज नेमेसियाच्या शेजारच्या सीटवर बसून ला पाझला उतरतो. आमच्याकडच्या इतर गाड्यांसारखंच हिचंही हाकायचं चाक उजवीकडून कापून डावीकडं आणलेलं. काटे आणि दिवे मात्र उजवीकडंच राहिले. म्हणजे गाडी हाकणार नेमेसिया, आणि दिवा दिसणार पुढच्या उतारूला. दिवा पेटला की उतारू आधी छातीवर क्रूस काढतो आणि मग दार उघडतो.

गाडी बंदही पडायची. चढावर, वळणावर, मागं भोंग्यांची रांग लागलेली असताना.

नेमेसियाचा दीर इलारियोन आमच्या लाइनच्या चालक संघटनेचा सचिव. गर्दीसमोरच तो म्हणाला, "वहिनी, दादाला तुम्ही चाकावर नको आहात. पुढच्या शुक्रवारपर्यंत दिवा परत लागला, तर चाक माझ्याकडं. उतारूंच्या जिवाचा प्रश्न आहे."

"जिवाचा का तुमच्या बुडाचा, भावजी?" नेमेसिया म्हणाली. लोक हसले, पण मान त्याच्याच बाजूनं डोलावत होते. नवरा गेल्यावर तिनं हे चाक धरलं होतं. त्यावर घर चालत होतं, आणि तिला गाडी हाकायला आवडत होतं. हे दुसरं कारण कुणालाच पचत नव्हतं.

सोमवारी उतारावर तिनं विचारलं, "मास्तर, लागला का?"

"लागला."

मागच्या दोघी उतरून गेल्या. तिनं गियर बदलला. मग म्हणाली, "आमचा सातुर्निनो जिवंतपणी कधी वेळेवर आला नाही. मेल्यावर नेमका बारालाच कसा जातो?"

मी हसलो.

"हसू नका. जानेवारीत बॅटरी बदलली, तेव्हाही हे घड्याळ बारावर गेलं होतं. स्टेशनंही पुसली होती. तेव्हा कुणाचा आत्मा निघाला होता?"

माझं हसू थांबलं. रोज घड्याळासमोर मी बसत होतो, आणि बघितलं तिनं.

"बाई," मी म्हणालो, "तुमच्याकडं दहा नंबरचा पाना आहे का?"

शुक्रवारी परत तीच गर्दी जमली. ताता बियर घेऊन आला. नेमेसिया पाना घेऊन उभी होती.

"ताता, आज तुम्ही टेका. दमला असाल."

तिनं बॅटरीची तार सोडली. मंत्र येत नव्हता, म्हणून बाजारातल्या बटाटेवालीच्या सुरात ओरडली, "इमिल्या घ्या, वायचा घ्या, लुकी घ्या." असं बराच वेळ. मग तार जोडली, चावी फिरवली. दिवा विझला. घड्याळ बारावर.

"सातुर्निनो बटाट्यांनाही घाबरतो वाटतं," ती म्हणाली.

मी गर्दीला सांगितलं: दिव्यामागं एक लहानसा मेंदू आहे. इंजिनात बिघाड दिसला की तो लक्षात ठेवतो आणि दिवा लावतो. बॅटरीची तार काढली की विसरतो. पोंचोखाली एवढंच चालायचं.

"पण दिवा दोन दिवसांत परत लागतोच," इलारियोन म्हणाला. "गाडीही मरते."

"बरोबर. कारण दिवा विझवणं म्हणजे बोंबलणाऱ्या रोग्याच्या तोंडात बोळा कोंबणं. रोग इथं आहे."

मी हवेच्या डब्याचं झाकण काढलं. आंबलेल्या बियरचा भपकारा आला. हवा गाळणारा कागद लगद्यानं गच्च भरलेला. त्यामागं केसाएवढी तार असते, आत किती हवा आली ते ती मोजते. तिच्यावर बियरची साखर जळून बसली होती. हवेचा अंदाज चुकला की पेट्रोल चुकतं, आणि इंजिन गुदमरून मरतं.

"नाकात पहिली बियर कुणी फवारली?" नेमेसियानं विचारलं. "कार्निवलच्या मंगळवारी, गाडी धड चालत असताना, आशीर्वाद म्हणून?"

सगळे ताताकडं वळले.

"शुक्रवारी न मानणारे शनिवारी रडतात," तो पोंचो गोळा करत म्हणाला.

"शनिवारी मी लाइनवर आहे. भावजी, तुम्ही पुढं बसा. दिव्यावर नजर ठेवा."

ती केसाएवढी तार साफ केली, गाळणी नवी बसवली. इलारियोन आठवडाभर पुढच्या सीटवर बसला. प्रत्येक चढावर ती विचारायची, "लागला का, भावजी?"

"नाही," तो म्हणायचा. रोज थोडं हळू आवाजात.

ताता आता दुसऱ्या थांब्यावर असतो, आणि तिथंही गर्दी जमते. म्हणून हे लिहिलं. धरणीमायला बियर द्यायची तर जमिनीवर ओता, तिला जिरते. इंजिनाला जिरत नाही. दिवा पेटला तर तो काय सांगतोय ते आधी विचारा. आणि न विचारताच जो दिवा विझवून दाखवतो, त्याच्यासमोर टोपी काढू नका. त्याचा पोंचो उचला.