कूलरपुढची चप्पल

बद्रीनाथच्या घरात एक रबरी चप्पल होती. ती घालून कुणी कधी बाहेर गेलं नाही. तिची जागा पत्र्याच्या कूलरपुढं. बटण फिरवायचं असो की पाणी ओतायचं, आधी चप्पल पायात सरकवायची, नाही तर कूलर झटका द्यायचा.

फुलंब्रीहून लेकीकडं आलेल्या भागूबाईला हे कुणी सांगितलंच नाही. ती अनवाणी पाणी ओतायला गेली आणि कोपरापर्यंत झिणझिण्या घेऊन मागं सरली. जावई पलंगावर पडल्या पडल्या हसला. मामी, चप्पल राहिली, म्हणाला. पंख्याच्या मोटारीतून थोडा करंट उतरतो, गल्लीत सगळ्यांकडंच उतरतो, त्यात काय एवढं!

भागूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण जावई म्हणजे दहावा ग्रह. त्याची शांत करतात, झडती घेत नाहीत. तिनं पदर सावरून लेकीला, आशाला, सांगितलं की त्यांना म्हणावं मोटार दुरुस्त करून घ्या. 'त्यांनी' ऐकलं आणि रविवारी बघू म्हणून कूस बदलली.

दुपारी आशाची रांगती पोर थेट कूलरकडं निघाली. सांडलेल्या पाण्यात गुडघे टेकून, पत्र्याला धरून उभं राहायला तिनं हात वर केला. भागूबाईनं झेप घेऊन तिला मागं ओढलं. पोरीनं भोकाड पसरलं.

"पाव्हणं," भागूबाई म्हणाली, "हिच्या मापाची चप्पल कुठं मिळती?"

सासूनं तोंडावर विचारलं म्हणजे नाकच कापलं. बद्रीनाथ तणतणत उठला. त्यानं बटण बंद केलं, जाळी काढली आणि पेचकस घेऊन मोटारीत हात घालू लागला. भागूबाईनं भिंतीतली पिनच उपटली आणि मुठीत धरून बसली. नुसतं बटण बंद करून विहिरीवरच्या मोटारीत हात घातलेला माणूस तिनं खाटेवर घालून आणलेला पाहिला होता.

मोटारीची वायर पत्र्याच्या कडेला घासून सोलली होती, तांबं उघडं पडलं होतं. आणि उतरलेला करंट जमिनीत नेणारी अर्थिंगची हिरवी वायर मुळाशी कापलेली. बोर्डात तिसरं भोक नव्हतं, म्हणून ती त्यानंच कापली होती. अक्कल बघा माणसाची! जीव वाचवणारी वायर कापली आणि तिच्या जागी चप्पल ठेवली. आताही त्यानं सोललेल्या जागी काळी टेप गुंडाळली, झालं म्हणाला आणि पिन मागितली.

"लावते की," भागूबाई म्हणाली. "पण मग चप्पल काढून तुम्ही हात लावा."

बद्रीनाथनं ओल्या फरशीकडं पाहिलं, मग कूलरकडं. त्याचा हात काही पुढं येईना. भागूबाईचा संताप आता आवरेना, आणि त्यात अहोजाहो कुठल्या कुठं गळून पडलं.

"माझी लेक रोज हात लावती तवा हसू येत व्हतं. सोताचा हात लावायची येळ आली, तवा जीव प्यारा झाला व्हय रे?"

आशा पोरीला कडेवर घेऊन दारात उभी होती. बद्रीनाथनं खुंटीवरचा सदरा ओढला आणि वायरमनला बोलवायला तो भर उन्हात बाहेर पडला. त्याला वाट द्यायला आशा तेवढी बाजूला सरकली.