खाली

विमा कचेरीतल्या साहेबांची साताऱ्याहून जयपूरला बदली झाली आणि त्यांची विनया इथल्या शाळेत चौथीत बसू लागली. तोवर दसरा उलटून गेला होता. वर्गातल्या मुलींच्या जोड्या केव्हाच जमल्या होत्या.

थंडी पडली तशी दर शनिवारी शाळा सुटल्यावर व्हरांड्यात कांबळ्यांचे किल्ले उभे राहू लागले. घरून कांबळं आणायचं, खांबांना बांधलेल्या दोरीवर टाकायचं आणि दुसऱ्या टोळीचा किल्ला जिंकायचा. तीन शनिवार विनया आपलं कांबळं मांडीवर घेऊन पायरीवर बसली. चौथ्या शनिवारी गुलाबकंवरने आधी कांबळ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. गुलाबकंवर म्हणजे वर्गाची पुढारी.

"ऐ मराठी, कंबल तो बड़ा है तेरा। आ जा।"

किल्ला मधोमध लोंबत होता. "तू अंदर बैठ, हाथ ऊपर," गुलाबने हुकूम सोडला आणि सगळ्या लढाईला पळाल्या. विनया दोन्ही हातांनी छप्पर तोलून बसली. थोड्या वेळाने शत्रूकडची एक पोर बाहेरून ओरडली, "अंदर खाली है क्या?"

विनयाने पाहिलं. कांबळ्याची कड फरशीला टेकलेली होती.

"हाँ, खाली है!" तिने खणखणीत उत्तर दिलं.

बाहेर एकच हशा उसळला. "अरे सुनो, खाली किला बोल रहा है!" गुलाबसुद्धा पोट धरून हसली. काय झालं ते न कळताच विनयाही हसली.

घरी आईने सांगितलं, "अगं वेडाबाई, हिंदीत खाली म्हणजे रिकामं! 'खाली नहीं है, मैं हूँ' असं म्हणायचं."

आठवडाभर विनयाने ते वाक्य घोकलं. वेणी घालून घेताना, डबा खाताना, बनी पार्कातून शाळेला चालत जाताना.

पुढच्या शनिवारी ती पुन्हा हात वर करून आत बसली. त्या दिवशी लढाई काही झालीच नाही. व्हरांड्याच्या पलीकडच्या टोकाला दोन्ही टोळ्या एकाच किल्ल्यात शिरल्या होत्या. गुलाब कसलीशी भुताची गोष्ट सांगत होती, पोरी किंचाळत होत्या. विनयाच्या दंडांना कळ लागली. इकडे विचारायला कुणी येईना.

शेवटी कड उचलली गेली. गुलाब आत डोकावली. विनयाने घाईघाईने सांगून टाकलं, "खाली नहीं है. मैं हूँ."

"मालूम है," गुलाब म्हणाली. "हाथ छोड़। उधर सब नहीं समा रहीं, कंबल कम पड़ रहा है।"

विनयाने हात सोडले. कांबळं फरशीवरून फरफटत निघालं, तशी तीही मागोमाग निघाली. तिचं कांबळं पलीकडच्या किल्ल्यावर चढलं, मुली आत सरकल्या, दाटीवाटीने बसल्या. विनया वाकून आत शिरणार, तोच वाऱ्याने कांबळं उडालं.

"मराठी," आतून कुणीतरी हाक मारली, "वो कोना पकड़ना ज़रा!"

विनयाने बाहेरून कोपरा घट्ट धरला.