तिसरी ऑफर

तिने आवाज बंद करायचं बटण दाबलं, गरम पाण्याचा एक घोट घेतला, घसा खाकरला आणि बटण पुन्हा सोडलं. तरी फोनवरच्या पलीकडच्या गृहस्थांचं पहिलंच वाक्य अजून संपायचं होतं.

"...म्हणजे बघा, ते लोक जुना फोन घेऊन चौकोनवाला देतायत. आणि तुम्ही काय देताय, तर गोलवाला. तोही मागच्या वर्षीचाच, नुसता रंग बदललेला."

"चौकोनवाला चांगलाच आहे साहेब," ती म्हणाली.

आधी हो म्हणायचं आणि मग वळवायचं, अशी रीत होती. यंदा बाजारात दोनच फोनांची हवा होती. एकाच्या पाठीवर कॅमेरे गोलात बसवलेले, दुसऱ्याच्या चौकोनात. बाकी आतून दोघे सख्खे भाऊ. तरी सेलचा आठवडा लागल्यापासून माणसं अशी हमरीतुमरीवर येत होती की घरात सोयरीक ठरवायची आहे असं वाटावं.

या गृहस्थांच्या गळ्यात गेल्या वर्षी, याच सेलमध्ये, गोलवाला तिनेच मारला होता. नोंदीत तिचा क्रमांक दिसत होता. तेव्हा ते चौकोनवाल्याला कंटाळून निघाले होते. त्यांना ते आठवत नव्हतं आणि तिने आठवण करून दिली नाही.

"खरं सांगा मॅडम, तुम्ही स्वतः कोणता वापरता?"

तिचा स्वतःचा फोन चार वर्षांचा होता आणि त्याची पाठ चिकटपट्टीने धरून ठेवलेली होती.

"आम्हाला सगळेच वापरून बघावे लागतात साहेब," असं म्हणून तिने पहिली ऑफर पुढे केली. दुसऱ्या ऑफरला गृहस्थ विरघळले. तिने 'थांबले' या चौकोनात खूण केली आणि खुर्चीत मागे टेकली. सकाळपासूनचा हा एकतिसावा माणूस होता.

मोबाइल कंपनी सोडून जाणाऱ्या ग्राहकांचे सगळे फोन या मजल्यावर येत. लांबच लांब टेबलं, साठ-सत्तर जणी, प्रत्येकीच्या कानाला हेडफोन. ग्राहकाला नंबर बंद करायचा किंवा दुसऱ्या कंपनीत न्यायचा असेल तर एक कोड द्यावा लागे. मुली त्याला सोडचिठ्ठी म्हणत. सोडचिठ्ठी मागितली की लगेच द्यायची नाही. आधी तीन ऑफर. ग्राहक तीनदा नाही म्हणाला, तरच कोड. शिवाय दोन पथ्यं होती. 'जाऊ नका' असं म्हणायचं नाही, त्यात लाचारी दिसते. 'थांबलात तर तुम्हाला हे मिळेल' असं म्हणायचं. आणि का जाताय हे विचारायचं नाही. कारण एकदा तोंडाबाहेर पडलं की पक्कं होतं, असं त्यांना शिकवणाऱ्या बाई सांगत. ते आपणच ओळखायचं आणि यादीतल्या एकावर खूण करायची: महाग, रेंज, नवा फोन, इतर.

नऊ वर्षं ती हे करत होती आणि मजल्यावर तिच्याइतकी माणसं कुणी थांबवली नव्हती. त्या नऊ वर्षांत घशाचं मात्र पार पोतेरं झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, नोकरी सोडता येत नसेल तर निदान घरी तरी तोंड बंद ठेवा. ते तिने अक्षरशः पाळलं. संध्याकाळी सातला घरी यायची, पर्स खुंटीला अडकवायची, गरम पाणी प्यायची आणि आपल्या खोलीत जाऊन दिवा न लावता पडायची. सासूबाईंनी काही विचारलं तर मान हलवायची. जेवलीस? मान. दमलीस? मान. नवरा जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. घरात या दोघीच. पहिली काही वर्षं सासूबाई दारात उभ्या राहून दिवसभराचं सांगत: वरच्या मजल्यावरच्यांनी काय तोडलं, कुणाची मुलगी कुठे दिली. मग मानेशी बोलायचा त्यांनाही कंटाळा आला असावा.

आणि आता त्या निघाल्या होत्या. नणंदेकडे, दुसऱ्या शहरात. रविवारचं तिकीट काढलेलं होतं आणि आज गुरुवार होता. भांडण नाही, तंटा नाही. जेवताना सहज म्हणाल्या, "मी जरा मुलीकडे जाऊन राहीन म्हणते. आता तिकडेच."

तिच्या हातातला घास तसाच राहिला होता. सासू जाते म्हटल्यावर हरखणाऱ्या सुना तिने पाहिल्या होत्या; तिला मात्र पायाखालची जमीन सरकल्यासारखं झालं. संध्याकाळी दार उघडायला आत कुणी असतं, स्वयंपाकघरात दिवा असतो, एवढ्यावर तिचे दिवस चालले होते. पण ती हे बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने पहिली ऑफर दिली. खिडकीजवळची हवेशीर खोली तुम्ही घ्या, मी आत जाते. सासूबाई नको म्हणाल्या.

दुसरी ऑफर नव्या फोनची. त्यावरून घरात महाभारत झालं. नवरा जहाजावरून म्हणाला आईला गोलवालाच घे, नणंद म्हणाली चौकोनवाला, गोलवाल्याची बॅटरी वर्षात बसते. कुटुंबाच्या ग्रुपवर दोघं बहीणभाऊ तीन दिवस भांडले, तुलनेचे तक्ते टाकले, एकमेकांना अडाणी म्हणाले. आईला विचारायचं तेवढं राहून गेलं. शेवटी तिने विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "आहे तो वाजतोय की."

तिसरी ऑफर तिला सुचत नव्हती.

दुपारी टीम लीडर याद्या वाटत आला. दर गुरुवारी ही यादी निघे: तीनपेक्षा जास्त वेळा सोडचिठ्ठी मागून शेवटी न घेतलेली माणसं. मुली तिला डळमळीत यादी म्हणत. या लोकांना आपणहून फोन करायचा.

"तुला दहा," तो म्हणाला. "सहाच्या आत संपव. फोनमागे सहा मिनिटं, त्याच्या वर नको."

तिने कागद सरळ केला. पाच नंबर झाले. दोन थांबले, दोन गेले, एकाने शिव्या घातल्या. सहाव्या नंबरावर बोट ठेवून ती आकडे स्क्रीनवर उतरवू लागली आणि शेवटच्या चार आकड्यांशी तिचं बोट थबकलं. नंबर तिच्या घरचा होता. सासूबाईंचा.

घरच्यांचा नंबर आला तर तो टीम लीडरकडे द्यायचा, असा नियम होता. तिने आधी नोंद उघडली.

पाच फोन, तीन आठवड्यांत. सगळे भर दुपारचे, ती इथे बसलेली असतानाचे. शेजारी मिनिटं लिहिलेली होती: चौदा, अठरा, बावीस, नऊ, एकतीस. खाली वेगवेगळ्या मुलींनी टिपलेलं होतं.

'आजी. नंबर बंद करायचा म्हणतात. नव्या फोनची ऑफर दिली. गोल की चौकोनी यावर बराच वेळ बोलल्या. घेतला नाही.'

'रेंज ठीक. बिल ठीक. तक्रार नाही. तिन्ही ऑफर ऐकल्या, पुन्हा सांगा म्हणाल्या. मग कोड नको म्हणाल्या.'

'सून याच ऑफिसात आहे, तिला जोडून द्या म्हणाल्या. असं जोडता येत नाही हे समजावलं.'

कारणाच्या रकान्यात पाचही वेळा 'इतर' होतं. शेवटचा, एकतीस मिनिटांचा फोन तिच्या शेजारणीने घेतलेला होता. हिला सगळे बॅटरी म्हणत, कारण ती कधी उतरत नसे.

"ही कोण होती, आठवतंय?" तिने स्क्रीन थोडी वळवली.

बॅटरीने वाकून पाहिलं. "अगं, ही आजी! हिने माझी सरासरी पार झोपवली. एकतीस मिनिटं! पण ठेववेना बाई फोन. मी विचारलं, आजी, फोनवर तुम्ही काय करता ते सांगा, म्हणजे कोणता घ्यायचा ते सांगते. फोटो काढता? नाही. पिक्चर बघता? नाही. मग काय करता? तर म्हणाली, बोलते. म्हटलं, कुणाशी? तर म्हणते, आत्ता तुझ्याशीच की."

बॅटरी हसली. मग तिच्याकडे पाहून थांबली. "का गं? ओळखीची आहे?"

तिने पाण्याचा पेला उचलला, तो रिकामा होता, तो परत ठेवला. ती मनात घराचा हिशेब लावत होती. चौदा मिनिटं, अठरा मिनिटं. गेल्या वर्षभरातलं आपलं सगळं बोलणं एकत्र केलं तरी एकतीस मिनिटं भरतील की नाही, याची तिला खात्री वाटेना. आणि आपण त्यांना खोली देत होतो, फोन देत होतो. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

टीम लीडर दुसऱ्या टोकाला होता. तिने नंबर लावला.

चार वेळा वाजला. मग मागच्या पंख्याची कुरकुर आणि तो ओळखीचा, जरा जोरात बोलणारा आवाज. "हॅलो?"

"नमस्कार," ती म्हणाली. नऊ वर्षांत बसलेला तोच कामाचा आवाज निघाला. "आपल्या मोबाइल कंपनीतून बोलतेय. तुम्ही नंबर बंद करायचं म्हणत होतात. हे बोलणं नोंदवलं जातं, बरं का आजी."

पंखा तेवढा ऐकू येत राहिला.

"हो, माहीत आहे," सासूबाई सावकाश म्हणाल्या. "दर वेळी सांगतात तुमच्या मुली. बोला."

त्यांनी ओळखलं होतं. सुनेशी अहो-जाहो करायची त्यांची ही पहिलीच वेळ होती, आणि त्यांनी ते अगदी सहज निभावलं.

समोर कागद होता. थांबलात तर तुम्हाला मिळेल, आणि पुढे यादी. तिने कागद पालथा घातला.

"का जाताय तुम्ही?"

शेजारी बॅटरीने बोलता बोलता मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"का म्हणजे... काही तक्रार नाहीये हो," सासूबाई म्हणाल्या. "सगळं चांगलं आहे. आमच्याकडे घरात फार शांतता असते, एवढंच. सून आहे माझी. गुणी आहे. दिवसभर लोकांशी बोलून बोलून बिचारीचा जीव जातो. घरी येईपर्यंत काही उरतच नाही तिच्याजवळ."

"तिने तुम्हाला कधी..."

"छे, छे. वावगा शब्द नाही. शब्दच नाही मुळी." त्या जराशा हसल्या. "मी दिसले की तिला वाटतं आता बोलायला हवं. मग बोलवत नाही, म्हणून तिला वाईट वाटतं. मान खाली घालून जाते. ते बघवत नाही मला. मी नसले की तिला निवांत गप्प तरी बसता येईल. म्हणून जाते हो. दुसरं काही नाही."

स्क्रीनवर चौथं मिनिट पळत होतं. तिने आवाज बंद करायचं बटण दाबलं, तोंडावर हात धरला, डोळे पुसले. तिने बटण सोडलं.

"हॅलो? आहात ना?" सासूबाई विचारत होत्या. "तिसरी ऑफर राहिली तुमची. दोन झाल्या."

"तिसरी काही नाहीये," ती म्हणाली. आता तो कामाचा आवाज राहिला नव्हता. चिरका, घरात असतो तसा निघाला. "जाऊ नका."

टीम लीडर टेबलांच्या रांगेतून याच बाजूला येत होता.

"हे आधी कुणी म्हणालंच नाही," सासूबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, नवल होतं. "सगळ्यांनी देऊ केलं. असं कुणी नाही म्हणालं."

"चुकलंच."

"बरं." त्यांनी खाकरून घेतलं. "काढलेलं तिकीट रद्द कसं करतात हो? तुमच्याकडे सांगतात का ते?"

"ते आमच्याकडे नाही येत, आजी. पण तुमच्या सुनेला माहीत असेल. सहाला सुटते ती."

"तिला कुठलं विचारू! ती आली की गप्प बसणार."

"बसेल," ती म्हणाली. खोटं सांगण्याइतकीही ताकद तिच्यात उरली नव्हती. "आजही बसेल. फार दमलीय ती."

"मग बसू दे की गप्प," सासूबाई म्हणाल्या. "फक्त तिला म्हणावं, तिकडे अंधारात नको. माझ्या खोलीत येऊन बस."